भेटीचं रडणं

माझी मोठी मुलगी पहिलीत होती तेव्हा जवळजवळ वर्षभर शाळेत एक अक्षर बोलली नाही. आज तिच्यापुढे दुसऱ्याला बोलायला सवड मिळत नाही. त्यामुळे मी हे सांगितलं की तिचीच पोरं मला खोटं ठरवतात. "आमची माय अन चूप? कायच्या काय सांगून राह्यले आबा!" म्हणून एकदा नीट लिहूनच ठेवतो.

आमचा तांडा महागावच्या बाजारापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. आम्ही मात्र कापूस-ज्वारी पेरून एका जागी बसलो. नाल्यापलीकडे गाव, आणि गावात मारुतीच्या देवळामागे एका लांबट खोलीत शाळा. मास्तर एक, वर्ग चार. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं, आम्ही तेव्हा मुंबई राज्यात होतो. पण त्या मुंबईचा आणि आमचा संबंध सरकारी कागदापुरताच होता.

तांड्यात सातवी पास झालेला मी एकटा. मामाच्या गावी राहून शिकलो होतो. कोणाला पत्र आलं, कोर्टाचा कागद आला की माझ्याकडे यायचे, आणि मी उगाच चष्म्याच्या जागी हात लावून, चष्मा नसतानाही, गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवायचो. ती ऐट मला फार आवडायची. तरीही वाचणारा एकटाच असण्यात एक कंटाळा असतो. मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा मी ठरवून टाकलं की हिला शिकवायचं.

बायकोला हे खूळ वाटलं, आणि तिचंही खरं होतं. मुलगी घागर घेऊन पाण्याला जायची, धाकटीला काखेत घेऊन हिंडायची. शिवाय पलीकडच्या तांड्यातून सोयरीक विचारायला माणसं येऊन गेली होती. "ती शाळेत गेली तं तिचं काम कोण करन? तू?" बायकोनं विचारलं. आम्ही घरात गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, इथे मी ते मराठीत लिहितो आहे. मी तावातावात म्हणालो, "हो, मी करीन." ती इतकी हसली की शेजारच्या झोपड्यांतल्या बायका काय झालं म्हणून बाहेर आल्या. शेवटी तिनं शर्त घातली. "एक साल. पास झाली तं पुढचं पाहू. नापास झाली तं तिच्या पाटीवर मी मिरच्या वाटीन अन सोयरिकीले हो म्हणीन."

मी कबूल झालो. नापास कशाला होईल, माझी मुलगी होती ती.

घरी ती शेळ्यांची शाळा भरवायची. काठी घेऊन बे एके बे म्हणायला लावायची, आणि एखादी शेळी उठून गेली की तिला बोलावून अंगठे धरायला सांगायची. शाळेत मात्र तोंडाला कुलूप. झालं असं होतं की पहिल्याच आठवड्यात तिनं मास्तरांना आपल्या बोलीत काहीतरी विचारलं आणि गावातली सगळी पोरं हसली. तेवढंच. त्यानंतर ती बसायची, लिहायची, ऐकायची, पण बोलायची नाही. मराठी तिला सगळी समजायची. ओठ मात्र हलत नसत.

मास्तर वर्धेकडचे, उंच, किडकिडीत, डोक्यावर टोपी आणि आवाज असा की तीन शेतांपलीकडचा बैल थांबावा. एक दिवस त्यांनी मला गाठलं. "भाऊ, पोरगी मुकी आहे का?"

माझं डोकं फिरलं. "मुकी? घरी येऊन पाहा मास्तर! शेळ्यायले विचारा!"

"शेळ्यायची साक्ष चालत नाही न भाऊ. सालाच्या शेवटी डिप्टी साहेब येतात. पहिलीची परीक्षा तोंडीच घेतात. ही बोलली नाही तं मी काय सांगू त्यायले?"

डिप्टी साहेब म्हणजे शाळा तपासणारे. त्यांच्यापुढे मास्तरही टोपी सरळ करत. त्या दिवसापासून माझी झोप गेली. मी मुलीला गूळ-फुटाण्याची लालूच दाखवली, मग रागावलो, मग पुन्हा गूळ दाखवला. एक दिवस तर तिला धीर यावा म्हणून स्वतः जाऊन वर्गात मागे पोत्यावर बसलो. ती दिवसभर मान वळवून बाप आहे की गेला तेच पाहत राहिली. दुपारनंतर मास्तरांनी मला हात जोडून बाहेर काढलं.

दिवाळी झाली, घराघरात कापूस भरला, आणि तिकडे मारेगावकडे दिलेली माझी बहीण फार दिवसांनी माहेरी आली. मी तिला आणायला गेलो होतो, आणि आमची गाडी गावातूनच येणार होती. ती म्हणाली, आधी भाचीला भेटू. मी म्हटलं, चल.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्या बायका फार दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. त्या रडण्यात सगळी हकिकत असते. कोण आजारी होतं, कोणाला मुलगा झाला, सासू कशी वागते, पाऊस कसा पडला. एक सांगते, दुसरी त्याच सुरात उत्तर देते. डोळ्यांतून पाणी खरंच येतं, पण ते दुःखाचं नसतं, भेटीचं असतं. सगळं सांगून झालं की डोळे पुसायचे आणि पाणी, तंबाखू, हसणं सुरू. मुली हे आयांच्या पदराला धरून शिकतात. माझी मुलगी तर बाहुल्यांनाही गळ्यात गळा घालून रडवायची.

शाळेच्या दारात आत्याला पाहिलं मात्र, मुलगी पाटी टाकून धावली आणि तिच्या गळ्यात पडली. दोघींनी असा सूर लावला की देवळावरची कबुतरं उडाली. मी कौतुकानं पाहत उभा राहिलो. आतून मास्तरांनी डोकावलं, एक क्षण पाहिलं आणि शाळेची घंटा बडवली. सुट्टी! पोरं दप्तरं उचलून पळाली. मास्तर टोपी काढून, खाली मान घालून माझ्याकडे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कोण गेलं, भाऊ?"

"कोणी नाही गेलं मास्तर. बहीण आली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या दोघींकडे पाहिलं, मग रिकाम्या झालेल्या शाळेकडे पाहिलं. "मंग म्या शाळा काहून सोडली?" त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मी त्यांना रीत सांगितली. दुसरा कोणी असता तर चिडला असता किंवा हसला असता. मास्तर पायरीवर बसले आणि कान देऊन ऐकायला लागले. जरा वेळानं हळूच म्हणाले, "भाऊ, ती मधीच बे दुणे च्यार म्हणून राह्यली का?"

म्हणत होती. आत्याला ती सगळी शाळा सांगत होती. आत्या ग, मला शाळेत घातलं, तिथं भिंतीला काळी फळी आहे. आत्या ग, बे एके बे, बे दुणे चार. पुस्तकातल्या कवितेचे शब्दही तिनं मराठीतले तसेच्या तसे त्या सुरात बसवले होते. मी वाक्यावाक्याचं मराठी करून सांगत गेलो. मास्तरांचा चेहरा उजळत गेला. त्या माणसाबद्दल मला जन्मभर आदर वाटला तो त्या पायरीपासून. इतके महिने जिनं त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं तिला सगळं येतं हे कळल्यावर त्यांना स्वतःचा अपमान वाटला नाही. ते लहान पोरासारखे खूश झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात काय करावं? स्वतःच सूर धरून, रडका आवाज काढून पाढे म्हणायला लागले. मुलीला धीर यावा म्हणून. सगळी शाळा लोळून हसली. माझी मुलगीही हसली, पण दोन्ही हातांनी तोंड दाबून. बोलली नाहीच.

मग मास्तरांनी युक्ती काढली. "डिप्टी साहेब येतील त्या दिवशी तिच्या मायले घेऊन ये. मायच्या गळ्यात पडून सांगन ती."

मी उड्या मारत घरी आलो. बायकोनं भाकर थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुले बाईच्या जातीतलं काही समजते का? सकाळी ज्या मायच्या हातची भाकर खाल्ली तिले दुपारी भेटून कोणती पोरगी रडते?"

खरंच की. भेट व्हायला आधी ताटातूट लागते. इतकी साधी गोष्ट ना सातवी पास बापाला सुचली ना मास्तरांना. माझा चेहरा पडला. मास्तरांनी युक्ती सांगितल्यापासून घरी येईपर्यंत मी मनानं तिला दुसरीत बसवून टाकली होती.

होळी झाली, रंग धुतले गेले, आणि एक दिवस सकाळी बायकोनं धाकटीला काखेत घेतलं, फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, घडी बोचक्यात बांधली आणि म्हणाली, "मी मायरी चालली. साहेब येईन त्या दिवशी तिकडूनच शाळेत येतो. छोरीले सांगू नको. सांगितलं तं भेट खोटी होईन."

मुलगी नापास झाली असती तर शर्त हीच जिंकणार होती. तिला पाणी भरायला हात मिळाले असते, सोयरीक झाली असती. मी तसं विचारलंही. ती म्हणाली, "शर्त लावली तं डाव नीट खेळावा लागते न?" आणि निघाली. सातवी पास माणसाच्या अंगात एवढी सचोटी असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

तो पंधरवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. माझ्या भाकरी एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं पीठ. मुलगी कुरकुर न करता खायची आणि रोज विचारायची, "याडी कवा येते?" याडी म्हणजे आई. मी सांगायचो, येईल. तिचा चेहरा पाहून सगळं ओकून टाकावंसं वाटायचं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळा तांडा जाणतो, पण त्या वेळी मी दातावर दात धरून बसलो. तांड्यात मात्र बातमी फिरली की बायको भांडून गेली. बाया मला पाहून कुजबुजायला लागल्या. शेवटी नाईकानं, म्हणजे आमच्या तांड्याच्या प्रमुखानं, चार म्हातारे जमवून मला समोर बसवलं आणि बायकोला कसं वागवावं यावर दुपारभर सांगितलं. मी मान खाली घालून, हो जी, हो जी, म्हणत ऐकलं. कशी वागवावी ते मला त्या दिवसांत आपसूकच समजत होतं.

डिप्टी साहेब सायकलवर आले. अंगानं भरलेले, घामानं भिजलेले, पण बोलायला मऊ. आदल्या दिवशीच मी बायकोच्या माहेरी निरोप धाडला होता. तो पोचला की नाही ते ठाऊक नव्हतं. मी शाळेच्या दाराशी उभा राहून एक डोळा रस्त्यावर आणि एक वर्गात ठेवला. रस्ता रिकामा होता. पहिलीची पोरं एकेक करून उठली, पाढे म्हणून बसली. मग माझ्या मुलीची पाळी आली.

"बाळ, नाव सांग."

चूप.

"बरं, बेचा पाढा येतो?"

चूप. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. साहेबांनी दोनदा, तीनदा प्रेमानं विचारलं आणि मग मास्तरांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हिला अजून एक वर्ष पहिलीतच राहू द्या." मला मिरच्या दिसल्या, पाटी दिसली. मास्तर म्हणाले, "साहेब, जरा थांबा. तुमच्यासाठी पाणी आणतो." आणि ते इतक्या हळू चालत माठाकडे गेले की गोगलगाय पुढे गेली असती. आधी पेला घासला, मग पुसला, मग परत घासला.

तेवढ्यात मला छुमछुम ऐकू आली. आमच्या बायका येतात ते आधी ऐकू येतं, मग दिसतं. देवळाच्या कोपऱ्यावरून ती वळली. आरशांचा फेटिया, कोपरापर्यंत बांगड्या, पायांत वाळे, काखेत झोपलेली धाकटी. सगळ्या अंगावर धूळ. निरोप सकाळी पोचला होता आणि तेव्हापासून ती उन्हात चालत होती. मी धाकटीला तिच्या काखेतून घेतलं. ती दारात उभी राहिली.

मुलीनं वर पाहिलं. तिला वाटलं नव्हतं की आई येईल, आणि तीही इथे. ती साहेबांच्या अंगावरूनच धावली.

काय सूर लागला दोघींचा! साहेब खुर्चीवरून उठले. "अरेरे, काय झालं? कोणी गेलं का?"

मास्तर पेला हातात घेऊन छाती काढून म्हणाले, "कोणी गेलं नाही साहेब. माय आली." आणि मला हातानं खुणावलं.

मी साहेबांच्या कानाशी उभा राहून मराठी करत गेलो. याडी ग, किती दिवसांनी आलीस. याडी ग, तू गेलीस, बापानं भाकरी जाळल्या. हेही मला सांगावं लागलं, कारण साहेब एक शब्द सोडू देईनात. याडी ग, बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. पाढा पुरा झाला, पुढचा सुरू झाला, तोही पुरा झाला. याडी ग, मास्तरांनी फळ्यावर गाय काढली, तिला पाय तीनच निघाले. मास्तर खोकले. मग ती कविता, सगळी, एक ओळ न चुकता, आणि मग तिनं हुंदका देऊन म्हटलं, याडी ग, या साहेबांनी मला विचारलं. मला सगळं येतं. पण मला बोलायची लाज वाटते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. घामानं ओला झाला होता म्हणाले. मला माझ्या मुलीचा इतका अभिमान वाटत होता की तिथेच नाचावं.

आता रीत अशी की एकीचं झालं की दुसरीनं उत्तर द्यायचं. बायकोनं सुरू केलं. छोरी ग, आजीचा दात पडला. छोरी ग, मामाची गाय व्याली, पाडी झाली. पंधरवड्याची सगळी हकिकत तिच्याजवळ साठलेली, आणि माझी बायको एकदा सुरू झाली की कोणाच्या बापाला ऐकत नाही. इकडे साहेब काहीतरी विचारायला तोंड उघडत होते आणि दर वेळी मामाची गाय आडवी येत होती. शेवटी त्यांनी आवाज चढवला, "बाळ, सात बोरं होती, तीन खाल्ली, तर..."

बायकोचा सूर चालूच. तेव्हा मुलीनं आईच्या गळ्यातले हात सोडले. आईच्याच पदरानं नाक पुसलं. आईच्या तोंडावर आपला हात ठेवला आणि सगळ्या शाळेपुढे मोठ्यानं, मराठीत म्हणाली, "याडी, चूप राह्य थोडी. साहेबाचा सवाल बाकी आहे."

बायको चूप झाली. मुलगी साहेबांकडे वळून म्हणाली, "च्यार."

साहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मास्तरांना सांगितलं, "दुसरीत बसवा." मास्तरांनी हातातला पेला साहेबांना द्यायचा सोडून स्वतःच पिऊन टाकला.

परत निघालो. मुलगी माझ्या पुढे उड्या मारत होती. बायको मागून येत होती, अगदी गप्प. मला भीती वाटली. शर्त हरली म्हणून नाही, तिचा तो स्वभावच नव्हता. पण पोटच्या पोरीनं परक्या बोलीत चारचौघांत गप्प केलं होतं तिला. मी काहीतरी गमतीचं बोलून पाहिलं, ती हसली नाही.

नाल्याशी आलो. पाणी आटून डबकं उरलं होतं. बायको कडेच्या दगडावर बसली आणि मुलीला म्हणाली, "इकडं ये. अर्धी राह्यलेली भेट घरात नेत नाहीत." मुलगी जाऊन तिच्या गळ्यात पडली. मी धाकटीला खांद्यावर घेऊन जरा बाजूला उभा राहिलो. बायकोनं परत सूर धरला. या वेळी आवाज खाली होता, कोणाला ऐकवायचा नव्हता.

छोरी ग, आजीनं तुझ्यासाठी चोळी शिवली. छोरी ग, सासूनं मला कधी गप्प केलं नाही, नवऱ्याची तर छाती नाही, तू केलंस. छोरी ग, तू मराठीत बोललीस आणि मला ते समजलं. छोरी ग, पाण्याची घागर आता माझी मी भरीन. तू शाळेत जा. अन धाकटी चालायला लागली की तिचाही हात धरून ने.